ट्रामला चुकवून अलिबागला

डेटा सायन्समध्ये पाच-सहा वर्षं काढलेल्या माणसाने ‘अडकल्यासारखं वाटतंय’ म्हटलं की सल्ला तयार असतो: नवं टूल शीक, सर्टिफिकेट घे, नाहीतर सरळ कंपनी बदल. क्षेत्र धावतंय आणि तू थांबलास, एवढाच त्यामागचा युक्तिवाद. मग दर वर्षी कोर्स करणारेही अडकतात ते का? काल एका लायब्ररीत मॉडेल बसवत होते, आज दुसरीत बसवतात; पण हाती आलेले आकडे कुठल्या यंत्राने, कुणी, कसे टिपले हे त्यांना कालही ठाऊक नव्हतं, आजही नाही.

या मंडळींनी अलिबागची चुंबकीय वेधशाळा पाहावी. शनिवारी रो-रोने मांडव्याला उतरून किल्ला पाहायला जाणाऱ्यांना ती असल्याचीही गंधवार्ता नसते.

पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या नोंदी मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत १८४० च्या दशकापासून होत होत्या. १८९६ मध्ये नानाभाई फ्रामजी मूस तिचे पहिले भारतीय संचालक झाले. आजच्या करिअर-सल्लागाराला हे काम म्हणजे साचलेपणाचा अर्क वाटेल: तीच उपकरणं, तेच रकाने, पिढ्यान्‌पिढ्या. त्यातच मुंबईत विजेच्या ट्राम येऊ घातल्या. त्यांचा जमिनीत झिरपणारा प्रवाह मोजणी नासवणार, हे उघड होतं. मूस यांनी मोजणी अलिबागला हलवली. चुंबकत्व नसलेलं साहित्य निवडून इमारती उभारल्या आणि १९०४ मध्ये तिथे काम सुरू केलं. पण कुलाब्याचं काम लगेच थांबवलं नाही. १९०६ पर्यंत दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या, म्हणजे जुन्या जागेचे आकडे नव्या जागेच्या आकड्यांशी जोडता यावेत. ट्राम १९०७ मध्ये धावली.

१९१० मध्ये मूस यांनी १८४६ ते १९०५ या साठ वर्षांच्या नोंदी चिकित्सेसह छापल्या. हे त्यांचं खरं संशोधन. आकडे गोळा करणं आणि त्यांचा अर्थ लावणं, दोन्ही कामं इथे एकाच वेधशाळेत होत होती. आपण मात्र या दोन कामांना दोन पगारश्रेण्या लावून मोकळे झालो.

कुलाब्याच्याच जुन्या नोंदींत सप्टेंबर १८५९ चं प्रचंड सौरवादळ होतं. २००३ मध्ये भारतीय भूचुंबकत्व संस्थेतल्या गुरबक्ष लाखिना आणि सोभना अलेक्स यांनी परदेशी सहकाऱ्यांसह त्यांवरून वादळाची तीव्रता मांडली: क्षेत्राचा क्षैतिज घटक सुमारे १६०० नॅनोटेस्लाने कोसळला होता. दीडशे वर्षांपूर्वीच्या आकड्यांवर तो निष्कर्ष उभा राहिला, कारण ते कसे घेतले याची नोंद कुणीतरी ठेवली होती.

कुणी म्हणेल, मूस यांनीही जागा बदललीच की! बदलली, पण प्रश्न तोच ठेवला, आणि जुन्या-नव्यातला सांधा जपला. कंपनी बदलणारे बहुतेक जण नेमका हाच सांधा तोडतात. आज खतांत, उद्या विम्यात, परवा कपड्यांच्या ॲपमध्ये, सगळीकडे नवखेच.

उलट थळच्या खत कारखान्याचे किंवा डोलवीच्या पोलाद कारखान्याचे आकडे हाताळणारा माणूस ऑपरेटरपाशी जाऊन ‘सेन्सर कधी बदलला, मधल्या काळात नोंदी कशा भरल्या?’ असं विचारू लागला, तर महिन्याभरात त्याला मॉडेलमधल्या निम्म्या विचित्रपणाचा उगम सापडेल. मग जुना आणि नवा सेन्सर काही दिवस जोडीने चालवा, असं तो व्यवस्थापनाला सांगू शकेल. हे सांगणं कुठल्याही सर्टिफिकेटात येत नाही, आणि कारखान्यात त्याच्याइतकं ते कुणाला सांगताही येणार नाही.

आक्षेप एकच खरा: मूस यांना अप्रेझल नव्हतं, घराचा हप्ता नव्हता. कबूल. पगार वर्षानुवर्षं गोठला असेल, किंवा साहेब कामाचं श्रेय स्वतः लाटत असेल, तर खुशाल राजीनामा द्यावा. फक्त त्याला कौशल्याची कमतरता म्हणू नये आणि त्यावर उपाय म्हणून पन्नास हजारांचा कोर्स घेऊ नये.