व्यवसायोपचार, पण व्यवसाय कोणता?

मनाने खचलेल्या माणसाच्या हाताला काम मिळाले की तो सावरू लागतो, या अनुभवातून व्यवसायोपचाराचे म्हणजेच ऑक्युपेशनल थेरपीचे शास्त्र उभे राहिले. कमला निंबकर यांनी १९५० साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात या शास्त्राची शाळा सुरू केली. १९५२ साली व्यवसायोपचाराचा जागतिक महासंघ स्थापन झाला, तेव्हा संस्थापक दहा देशांत भारत होता. या विषयातल्या आंतरराष्ट्रीय सहकार्यात आपला देश पाहुणा नाही, घरचाच आहे. म्हणूनच आमचा सवाल घरच्यांनाच आहे.

गेल्या काही वर्षांत परदेशी विद्यापीठांच्या भागीदारीने मानसिक आरोग्यावर भारतात मोठे संशोधन झाले. त्यातला 'कॉप्सी' हा प्रयोग आम्हाला महत्त्वाचा वाटतो. गोवा, सातारा आणि तामिळनाडूतील तिरुपोरूर येथील स्किझोफ्रेनियाच्या २८२ रुग्णांवर तो झाला आणि २०१४ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाला. डॉक्टर नसलेल्या, पण प्रशिक्षण घेतलेल्या कार्यकर्त्यांनी रुग्णांच्या घरी जाऊन मदत केली. नुसत्या दवाखान्यातील उपचारांपेक्षा याचा थोडा अधिक गुण आला, आणि जिथे उपचारांची सोय तुटपुंजी होती त्या तिरुपोरूरच्या ग्रामीण भागात तो विशेष दिसला. वस्तीवस्तीतली शिकलेली पोरे हे काम करू शकतात, असाच याचा अर्थ. या संशोधनाचे मोल आम्ही नाकारत नाही.

परंतु मोजले काय? आजाराची लक्षणे आणि अपंगत्व. अपंगत्वासाठी जी 'आयडियाज' ही भारतीय मोजपट्टी वापरली, तीच सरकारी दाखल्यासाठीही वापरतात. स्वतःची निगा, माणसांशी संबंध, संवाद व समज आणि काम, अशी तिची चार अंगे. माणसाला काम किती जमते हे तिच्यातून कळते. ते काम त्याच्या वाट्याला कसे आले, हे कळत नाही. सफाई कामगार आजारातून उठून पुन्हा गटारात उतरला, तर कागदावर तो सुधारलेला रुग्ण ठरतो!

बाबासाहेबांनी १९३६ सालीच बजावले होते की जातिव्यवस्था कामाची नव्हे, तर काम करणाऱ्या माणसांचीच वाटणी करते, आणि तीही जन्मावरून, आवडीनिवडीला थारा न देता. व्यवसायोपचाराचा तर सारा भर रुग्णाला अर्थपूर्ण वाटणाऱ्या, त्याने निवडलेल्या कामावर. मग ज्या समाजात निवडच हिरावली गेली, तिथे हा उपचार जातीचा विचार न करता कसा होणार?

जगाला हा प्रश्न ठाऊक नाही असे नाही. फ्रँक क्रोनेनबर्ग व सहकाऱ्यांनी २००५ साली संपादित केलेल्या 'ऑक्युपेशनल थेरपी विदाउट बॉर्डर्स' या ग्रंथात 'ऑक्युपेशनल अपार्थाइड' अशी संज्ञाच मांडली आहे. काही समूहांना सन्मानाच्या कामांपासून पद्धतशीर दूर ठेवणे, असा तिचा आशय. शब्द दक्षिण आफ्रिकेच्या वर्णभेदाचा, पण गावकुसाबाहेरच्या माणसाला तो समजावून सांगावा लागत नाही. महासंघाच्या २००६ च्या मानवी हक्कविषयक निवेदनातही अमानुष, हीन कामांची सक्ती नसावी असे म्हटले आहे. आपल्याकडे हाताने मैला साफ करून घेण्यावर बंदी घालणारा कायदा २०१३ चा आहे.

तेव्हा परदेशी निधीचा पुढचा प्रस्ताव येईल, त्यात रुग्णाला तीन गोष्टी विचारल्या जाव्यात: आजारापूर्वी काय काम करत होतास, ते स्वतः निवडले होतेस का, आणि पुन्हा तेच करायचे आहे का. उत्तरे जातवार मांडावीत. प्रश्न ठरवताना वस्तीतले लोक बैठकीत असावेत, नुसते सह्यांपुरते नव्हे.

२०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने उपचारात जातीवरून भेदभाव करण्यास मनाई केली आहे. रुग्णालयात कामाची सक्ती नको आणि काम केल्यास योग्य मोबदला द्या, असेही त्यात आहे. ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरीच्या मनोरुग्णालयांत झाडू कोणाच्या हाती येतो, विणकाम कोणाच्या आणि पैसे किती मिळतात, याची पाहणी आपल्याच व्यवसायोपचार महाविद्यालयांनी हाती घ्यावी. त्यासाठी लंडनच्या परवानगीची गरज नाही.