‘हायपर’ म्हणजे वर, ‘हायपो’ म्हणजे खाली

रोवणीचे दिवस होते. मोहाडी तालुक्यातल्या एका गावातून पन्नाशीच्या एका बाईंना बेशुद्धावस्थेत आणले गेले. सकाळी मधुमेहाची गोळी घेऊन त्या न जेवताच बांधीत उतरल्या होत्या. दुपारी अंगाला दरदरून घाम सुटला, हात थरथरू लागले, बोलणे भरकटले. पूर्वी एका दवाखान्याने दिलेल्या कार्डावर ‘हायपोग्लायसेमिया’ असे लिहिलेले घरच्यांना आठवत होते. पण त्यांच्या समजुतीने त्याचा अर्थ होता ‘साखर वाढणे’! म्हणून गोड काही दिले नाहीच, उलट कारल्याचा रस पाजला. आम्ही तपासली तेव्हा साखर ४२ निघाली. शिरेतून ग्लुकोज दिले आणि काही मिनिटांत त्या बोलू लागल्या. आणखी उशीर झाला असता तर मेंदूला कायमची इजा झाली असती.

दोष घरच्यांचा नाही. ‘हायपर’ आणि ‘हायपो’ हे दोन्ही ग्रीक उपसर्ग. ऐकायला जुळे भाऊ, अर्थाने मात्र उलटे. फरक फक्त शेवटच्या अक्षरात, आणि घाईत बोलताना नेमके तेच गिळले जाते.

खरे तर हे शब्द आपल्याला परके नाहीत. ग्रीक ‘हायपर’ आणि संस्कृत ‘उपरि’ हे एकाच मुळाचे. आपला ‘वर’ हा शब्द त्या ‘उपरि’पासूनच आला. ‘हायपो’चे नाते संस्कृत ‘उप’शी आहे. उपसरपंच सरपंचाच्या खालचा, तसा ‘हायपो’ म्हणजे खालचा, कमी. त्वचेखाली टोचायची ती ‘हायपोडर्मिक’ सुई. हायपरटेन्शन म्हणजे रक्तदाब वाढलेला, हायपोटेन्शन म्हणजे उतरलेला. उच्चारातही गंमत आहे. ढोंगी माणसासाठीच्या ‘हिपोक्रिट’ शब्दातही हाच उपसर्ग आहे, पण तिथे तो ‘हिपो’ होतो. पाणघोड्याच्या ‘हिप्पो’चा मात्र याच्याशी संबंध नाही, ग्रीकमध्ये ‘हिप्पोस’ म्हणजे घोडा.

थायरॉईडच्या बाबतीत घोटाळा दुहेरी होतो. ‘हायपोथायरॉईड’ म्हणजे ग्रंथीचे काम मंदावलेले. पण रिपोर्टमध्ये टीएसएच वाढलेला दिसतो, आणि रुग्ण सांगतो, ‘‘डॉक्टरसाहेब, माझा थायरॉईड वाढला.’’ टीएसएच हा मेंदूतल्या पिट्युटरी ग्रंथीचा हुकूम आहे. थायरॉईड ऐकत नाही, म्हणून हुकमाचा आवाज चढतो. आकडा वाढतो तो काम कमी पडल्यामुळे. हे न समजल्याने ‘वाढलेला’ थायरॉईड उतरावा म्हणून गोळी परस्पर बंद करणारे रुग्ण मी पाहिले आहेत.

मधुमेह असलेल्या घराने एवढे लक्षात ठेवावे. साखर उतरते ती काही मिनिटांत : घाम, थरथर, कडकडून भूक, गोंधळ. ती वाढते सहसा तासांत-दिवसांत : तहान, वारंवार लघवी, थकवा. ७०च्या खालची साखर कमी समजावी. माणूस शुद्धीवर असेल आणि गिळू शकत असेल तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे, बरे वाटल्यावर जेवू घालावे. तपासायचे यंत्र नसेल आणि शंका असेल तरी साखर द्यावी. वाढलेल्या साखरेत तीन चमच्यांनी फारसे बिघडत नाही. उतरलेल्या साखरेत त्या न दिल्याने जीव जाऊ शकतो. बेशुद्ध माणसाच्या तोंडात मात्र काहीही घालू नये; १०८ला फोन करावा. गोळीचा असर बराच वेळ टिकतो, त्यामुळे सावरलेल्या माणसाची साखर पुन्हा उतरू शकते. म्हणून त्याला त्या दिवशी एकटे सोडू नये आणि डॉक्टरांना दाखवावे.

आता आम्हा डॉक्टरांविषयी. कार्डावर इंग्रजी निदान लिहून आमचे काम संपत नाही. त्याच्याशेजारी ‘साखर कमी झाली होती’ हे चार मराठी शब्द लिहायला अर्धे मिनिटही लागत नाही. रुग्णांनीही संकोच न करता विचारावे, ‘‘म्हणजे वाढलं की कमी झालं, जी?’’ उत्तर मराठीत मिळाल्याशिवाय खुर्ची सोडू नये. गावाकडे निघताना औषधाच्या पिशवीसोबत तेवढे उत्तर घरी गेलेच पाहिजे.