जुनी वही मिटण्याआधी

शिक्षकांच्या एका पतसंस्थेत माझं खातं आहे. काही वर्षांपूर्वी संस्थेने संगणकातली जुनी प्रणाली बदलली. शनिवारी संध्याकाळी जुनी बंद, सोमवारी सकाळी नवी चालू. त्या सोमवारी मी हप्ता भरायला गेले, तर खिडकीसमोर एक निवृत्त उर्दू शिक्षक उभे होते. मुलीच्या लग्नासाठी राखलेली त्यांची मुदत ठेव नव्या संगणकात सापडत नव्हती.

"सर, पैसे कुठे गेलेले नाहीत, फक्त दिसत नाहीत," खिडकीतला तरुण म्हणाला.

"बेटा, मला तर दोन्ही सारखंच वाटतं," सर म्हणाले.

कारण नंतर कळलं. जुन्या नोंदीत त्यांचं नाव 'शेख मो.' असं होतं आणि आधार कार्डावर 'शेख मोहम्मद'. नव्या प्रणालीने ही दोन माणसं धरली. जुन्या प्रणालीत शेऱ्याचा एक रकाना होता. 'दोन्ही नावे एकाच सभासदाची' असं कुणीतरी त्यात लिहून ठेवलं होतं. नव्या प्रणालीत तसा रकानाच नव्हता, म्हणून शेरे मागेच राहिले. शेवटी संस्थेतल्या जुन्या कारकुनांनी बांधीव खतावणी काढली आणि ठेव जुळवून दिली. त्यात तीन आठवडे गेले.

शेख, शेक, मो., मोहम्मद, मुहम्मद. आपल्या घरांत एकाच माणसाच्या नावाची इतकी रूपं असतात. उर्दूत एक, शाळेच्या दाखल्यावर दुसरं, बँकेत तिसरं. त्यामुळे संगणक बदलला की आपण धास्तावतो. पण हा प्रश्न आपल्यापुरता नाही. लग्नानंतर नाव बदललेल्या बायका, आडनावाऐवजी गावाचं नाव लावणारे, अंगठा उठवणारे म्हातारे, सगळेच या चाळणीतून गळू शकतात.

मी जुन्याला चिकटून बसणाऱ्यांपैकी नाही. जुनी यंत्रं बदलावीच लागतात. त्यांचे सुटे भाग मिळेनासे होतात, त्यांची भाषा जाणणारे निवृत्त होतात, चोरट्यांना वाटा सापडतात. माझा आक्षेप आहे तो एका रात्रीत बदलण्याला.

या घाईची किंमत काय असते, हे ब्रिटनमधल्या टीएसबी बँकेने २०१८ मध्ये दाखवून दिलं. या बँकेचा कारभार तिच्या पूर्वीच्या मालकाच्या, म्हणजे लॉइड्सच्या संगणकांवर चालायचा. नव्या स्पॅनिश मालकाने तो स्वतःच्या प्रणालीवर आणायचं ठरवलं. सुमारे ५२ लाख ग्राहकांची खाती एप्रिलमधल्या एका शनिवार-रविवारात हलवली गेली. सोमवारपर्यंत लाखो लोकांना आपलं खातं उघडता येईना. काहींना तर दुसऱ्याचीच खाती दिसली. कारभार पूर्ण सुरळीत व्हायला डिसेंबर उजाडला. पुढे नियामकांनी बँकेला ४ कोटी ८६ लाख पौंडांहून अधिक दंड केला. चौकशीत पुढे आलेल्या गोष्टी आपल्या ओळखीच्या आहेत. आधी तारीख ठरली आणि मग काम त्या तारखेत कोंबलं गेलं. चाचणी अपुरी पडली. बहुतेक सगळं एकाच झटक्यात हलवलं गेलं.

याच्या उलट आपल्या रेल्वेच्या आरक्षणाकडे पाहा. २००२ मध्ये इंटरनेटवर तिकीट मिळू लागलं तेव्हा स्टेशनवरची खिडकी बंद झाली नाही. आतली आरक्षणाची यंत्रणा तीच राहिली, तिला फक्त आणखी एक दार पाडलं. सुरुवातीला इंटरनेटवर काढलेलं तिकीट कुरियरने घरी यायचं. आज ते हसण्यासारखं वाटतं, पण पाऊल लहान असल्याने चूक झाली तरी ती लहानच राहणार होती. लोक हळूहळू नव्या दाराकडे वळले. ज्यांना वळायचं नव्हतं त्यांच्यासाठी खिडकी होतीच. रेल्वेच्या संकेतस्थळावर आपण सगळेच वैतागलो आहोत, पण ते अडलं म्हणून खिडकीवरचं तिकीट थांबलं नाही.

सॉफ्टवेअरच्या जगात या पद्धतीला एका झाडाचं नाव आहे. मार्टिन फाउलर या जाणकाराने ऑस्ट्रेलियातल्या जंगलात दुसऱ्या झाडाला वेढत वाढणारं वडाच्या जातीचं झाड पाहिलं आणि २००४ मध्ये ही उपमा दिली. आपल्याकडे ताडावर रुजलेला पिंपळ अनेकांनी पाहिला असेल. पिंपळ स्वतःच्या मुळांवर उभा राहीपर्यंत ताड त्याला आधार देतो. जुनी प्रणालीही तशीच हवी: नवी पेलण्याजोगी होईपर्यंत उभी. आधी एक काम नवीकडे द्यायचं, ते नीट चालतं का पाहायचं, मग दुसरं.

यासाठी संगणकतज्ज्ञ असावं लागत नाही. सभासद म्हणून आपण वार्षिक सभेत चार प्रश्न विचारू शकतो. जुनी आणि नवी प्रणाली काही आठवडे शेजारी-शेजारी चालवून रोज ताळा घेणार का? गडबड झाली तर त्याच दिवशी जुन्यावर परत येता येईल का? न जुळलेल्या नावांची यादी कोण तपासणार आणि तोवर त्यांचे पैसे अडणार नाहीत ना? खिडकीत बसणाऱ्यांना आधी विचारलं का? शेऱ्याचा रकाना कशासाठी आहे, हे कंपनीच्या माणसाला ठाऊक नसतं. ते त्या जुन्या कारकुनांना ठाऊक होतं. त्यांना कुणी विचारलंच नव्हतं.

यात खर्च आहे. कर्मचाऱ्यांना काही दिवस दुहेरी काम पडतं आणि त्यांना त्याचा मोबदला मिळायला हवा. पण हा खर्च संस्थेने केला नाही, तर तो खिडकीसमोर उभ्या माणसाला करावा लागतो. रजा काढून, हेलपाटे घालून, उसने मागून. सरांनी तो केला.

आपण ठेवीला 'अनामत' म्हणतो. हा शब्द अरबीतल्या 'अमानत'वरून मराठीत आला. दुसऱ्याने विश्वासाने सोपवलेली वस्तू, असा त्याचा अर्थ. संस्थेकडे फक्त पैसेच अमानत नसतात, माणसाचं नाव आणि त्यापुढचा शेराही असतो. नवी वही जरूर उघडा. मात्र प्रत्येक नाव तिच्यात पोहोचल्याची खात्री होईपर्यंत जुनी मिटू नका.