“औषध सोडले” : एका शेऱ्याविरुद्ध तक्रार

रायपूरला बदली होऊन आलो तेव्हा क्षयरोगाविषयीचे माझे ज्ञान एवढेच होते की औषध सरकारी केंद्रात फुकट मिळते आणि ते किमान सहा महिने न चुकता घ्यावे लागते. आमच्या कार्यालयात रोजंदारीवर असलेल्या एका तरुणाने ते दुसऱ्याच महिन्यात सोडले. त्याला अन्न पाहिले तरी उलटी होई. केंद्रावर सांगितले तर उत्तर मिळाले, “होते असे, गोळ्या चालू ठेवा.” पुढे डोळे पिवळे झाले. दुसऱ्या रुग्णालयात कळले की यकृताला सूज आहे. नोंदवहीत मात्र शेरा एवढाच : “औषध सोडले.”

माझी तक्रार या शेऱ्याविरुद्ध आहे.

आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन आणि पायराझिनामाइड ही तिन्ही औषधे यकृताला अपाय करू शकतात. एथाम्ब्युटॉलमुळे दृष्टी मंदावू शकते, लाल-हिरवा रंग ओळखणे कठीण होऊ शकते. ही औषधे प्राण वाचवतात, याबद्दल दुमत नाही. परंतु म्हणूनच ती देणाऱ्याने रुग्णाचे वजन आणि रुग्णाचे म्हणणे, दोन्ही नोंदवली पाहिजेत.

वजनाची कथा उद्बोधक आहे. २०१७ पूर्वीच्या राष्ट्रीय कार्यक्रमात औषध आठवड्यातून तीनदा दिले जाई आणि ३० ते ६० किलोच्या प्रौढांना जवळजवळ एकच मात्रा मिळे. ३१ किलोची मजूर स्त्री आणि ५९ किलोचा लिपिक यंत्रणेच्या लेखी समान! आता औषध रोज मिळते आणि गोळ्यांची संख्या वजनगटावर ठरते : २५ ते ३४ किलोला दोन, ३५ ते ४९ किलोला तीन. बिलासपूरजवळच्या गनियारी येथील जन स्वास्थ्य सहयोगच्या १,६९५ रुग्णांचा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात निदानाच्या वेळी स्त्रियांचे मध्यक वजन होते ३४.१ किलो, पुरुषांचे ४२.१. म्हणजे आपल्या छत्तीसगडातील स्त्री-रुग्ण नेमकी दोन आणि तीन गोळ्यांच्या सीमारेषेवर उभी असते. तिथे वजन अंदाजाने लिहिणे म्हणजे मात्रा अंदाजाने देणे होय. उपचाराने वजन वाढले की मात्राही पुन्हा तपासावी लागते. पण काट्यावर दुसऱ्यांदा उभे करतो कोण?

मी अर्थशास्त्राचा विद्यार्थी. एक रुग्ण बरा झाला की संसर्ग थांबतो, लाभ साऱ्या समाजाला होतो. दुष्परिणामाची किंमत मात्र एकटा रुग्ण बुडालेल्या मजुरीतून भरतो. लाभ सार्वजनिक आणि तोटा खाजगी, असा हा व्यवहार आहे. आणि तो न परवडून रुग्ण थांबला, की आपण त्यालाच बेजबाबदार ठरवतो. पूर्वी त्याला “डिफॉल्टर” म्हणत, जणू त्याने कर्ज बुडवले! २०१३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तो शब्द टाकून दिला. शब्द गेला, वृत्ती राहिली.

“दुष्परिणाम सांगितले तर रुग्ण घाबरून पळतील,” असे काही सहकारी म्हणतात. मला उलट दिसते. रिफाम्पिसिनने लघवी नारिंगी होते, ते निरुपद्रवी आहे. पण आधी न सांगितल्यास रुग्णाला ते रक्त वाटते. उलट पिवळे डोळे धोक्याचे. तेव्हा गोळ्या थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायला हवे. हा फरक त्याच्या छत्तीसगढी बोलीत समजावायला पाच मिनिटे पुरतात. हातापायांच्या मुंग्या टाळणारी ब-६ जीवनसत्त्वाची गोळी तर अत्यंत स्वस्त आहे.

आढावा बैठकीत किती रुग्ण नोंदवले आणि किती बरे झाले, एवढेच विचारले जाते. यापुढे आणखी दोन प्रश्न विचारले जावेत : या महिन्यात किती रुग्णांचे पुन्हा वजन केले, आणि किती जणांचा त्रास लिहून घेतला? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर “शून्य” आले, तर ते यश समजू नये. तिथे कोणी ऐकतच नाही, एवढाच त्याचा अर्थ आहे.

वाचकहो, आपण महाराष्ट्राबाहेर कुठेही असा, आपल्या घरी वा कार्यालयात काम करणाऱ्या कोणाला हा आजार झाला, तर “गोळ्या घेतोस ना?” एवढेच विचारून थांबू नका. त्याच्या उपचारपत्रिकेवर वजन कधी लिहिले, ते पाहा. आणि गोळ्यांचा काय त्रास होतो, तेही विचारा.