अर्जात प्रश्न हवा

डिसेंबर जवळ आला की हैदराबादेत सुलतान बाजार, काचीगुडा भागातल्या मराठी घरांत लग्नांच्या तारखांबरोबर अर्जांच्या तारखाही बोलल्या जातात. अमेरिकेतल्या बहुतेक विद्यापीठांची मुदत त्याच महिन्यात संपते, आणि इकडे फेब्रुवारीतली ‘गेट’ परीक्षा डोक्यावर असते. पूर्वी सगळे एम.एस.ला जायचे. आता पीएच.डी.ची नावं ऐकू येतात, आणि त्यात बायोमेडिकल इंजिनीअरिंगही. ‘म्हणजे पोरगी डॉक्टर होणार की इंजिनीअर?’ हा आज्यांचा प्रश्न अगदी रास्त आहे.

परवा शेजारची मुलगी एसओपी, म्हणजे अर्जासोबतचं निवेदन, घेऊन आली. ‘‘काका, भाषा तेवढी बघून द्या.’’ भाषेत काही खोट नव्हती. लहानपणापासूनची विज्ञानाची आवड होती, दहावीपासूनचे टक्के होते, समाजासाठी काही करण्याची तळमळ होती. ‘‘तुला शोधायचंय काय?’’ म्हटल्यावर मात्र ती खुलली. प्रकल्पाच्या निमित्ताने ती नवजात बाळांच्या विभागात बसायची. बाळाने पाय झाडला की ऑक्सिजन मोजणाऱ्या यंत्राचा आकडा ढासळायचा, घंटा वाजायची, नर्स धावत यायची, बाळ ठणठणीत. अशा खोट्या घंटांची इतकी सवय होते, की एखाद वेळी खरी घंटाही दुर्लक्षित होईल, ही तिची भीती. ‘‘मग हे लिहिलं का नाहीस?’’ ‘‘ते लिहायचं असतं का?’’

तेच लिहायचं असतं. आणि त्याचा धडा आपल्या वस्तीतच आहे. रूपाबाई फर्दुनजी हैदराबाद मेडिकल कॉलेजातून १८८९ साली शिकून बाहेर पडल्या आणि रेसिडेन्सीच्या इस्पितळात, म्हणजे आजच्या सुलतान बाजारच्या दवाखान्यात, रुग्णांना क्लोरोफॉर्म देऊ लागल्या. जगातल्या पहिल्या महिला भूलतज्ज्ञ म्हणून त्यांचं नाव घेतलं जातं. भूलशास्त्राचा वेगळा अभ्यासक्रम तेव्हा नव्हता. म्हणून १९०९मध्ये, वीस वर्षं काम केल्यावर, त्या एडिंबरोला गेल्या आणि तिथे शिकल्या पदार्थविज्ञान व रसायनशास्त्र. भूल देणाऱ्याला वायू, वाफ, दाब कळायला हवेत. रुग्णाजवळ उभं राहून पडलेल्या प्रश्नासाठी दुसऱ्या शास्त्राचं दार ठोठावायचं, हेच आज बायोमेडिकल इंजिनीअरिंग करतं.

त्यांचे गुरू, रेसिडेन्सी सर्जन एडवर्ड लॉरी, यांची गोष्ट उलटी. क्लोरोफॉर्मने हृदय थांबत नाही, आधी श्वास थांबतो, यावर त्यांची ठाम श्रद्धा होती. १८८८मध्ये हे तपासायला नेमलेल्या त्यांच्या आयोगाने तोच निष्कर्ष काढला. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने शंका घेतली, तेव्हा निजामाने हजार पौंड देऊन लंडनहून लॉडर ब्रन्टन यांना बोलावलं. शेकडो प्राण्यांवर प्रयोग झाले आणि उत्तर पुन्हा लॉरींच्या बाजूने आलं. पुढे १९११मध्ये गुडमन लेव्ही यांनी दाखवलं, की हलक्या क्लोरोफॉर्ममध्येही हृदयाचे ठोके विस्कटून मृत्यू येऊ शकतो. पैसा, प्रयोगशाळा, नावाजलेला पाहुणा, सगळं होतं. उत्तर मात्र आधीच ठरलेलं होतं.

म्हणून अर्जात ‘मी असं यंत्र बनवीन’ या घोषणेपेक्षा ‘हे असं का होतं, आणि माझा अंदाज चुकीचा असेल तर तो कशाने कळेल’ हे दोन परिच्छेद अधिक वजनदार ठरतात. मुलाखत घेणारे प्राध्यापक तेच खोदून विचारतात. चार-पाच वर्षं ज्यांच्या हाताखाली काढायची, त्यांचे अलीकडचे शोधनिबंध वाचून मगच त्यांना लिहावं. पन्नास जणांना एकच ईमेल पाठवला तर तो पहिल्या ओळीत ओळखू येतो.

वाटा आता जवळही आहेत. आयआयटी हैदराबादला, आपल्या कंदीला, बायोमेडिकल इंजिनीअरिंगचा विभाग आहे. ‘गेट’मध्ये २०२०पासून या विषयाची स्वतंत्र प्रश्नपत्रिका असते. कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती २०२३पासून महिना ३७ हजार रुपये झाली. आयटीतल्या मित्राशी तुलना करू नये, पण घराकडे हात पसरावा लागत नाही. आणि याच शहरात, निम्स रुग्णालयाच्या अस्थिरोग विभागातल्या मुलांच्या पायातले तीन-तीन किलोंचे कॅलिपर पाहून अब्दुल कलामांच्या चमूने ‘अग्नी’ क्षेपणास्त्राच्या हलक्या पदार्थातून ३०० ग्रॅमचे बनवले. पदार्थ प्रयोगशाळेत आधीपासून होता. तो पायात घालता येईल, हे एका अस्थिरोगतज्ज्ञाने तो हातात उचलून पाहिल्यावर सुचलं.

शेजारच्या मुलीला मी एवढंच सांगितलं: टक्के गुणपत्रिकेत आहेतच, ते पुन्हा लिहू नकोस. पहिल्या ओळीत ते पाय झाडणारं बाळ आण. प्रवेश मिळेल की नाही, ते समितीच्या हातात. पण असा अर्ज लिहिताना पाच वर्षं हा प्रश्न आपल्याला पुरेल का, हे तिला स्वतःलाच कळेल. ते न कळता मिळालेला प्रवेश फार महागात पडतो.