आतल्या लोकांना सवय असते

मी मेकॅनिकल इंजिनिअर, आमच्या घरातला पहिला पदवीधर. हॉटेलांच्या एसीचे आणि एक्झॉस्टचे आराखडे करणं हे माझं काम. माझ्या आईनं नागपुरात एका हॉटेलच्या भटारखान्यात २२ वर्षं भांडी घासली. माझी फी त्या मोरीतून आली.

मागच्या उन्हाळ्यात एका मालकापुढे खर्चाचा कागद ठेवला. गिऱ्हाइकांच्या हॉलसाठी १० टन एसी त्यांनी लगेच मंजूर केला. भटारखान्यात ताजी हवा आणणाऱ्या डक्टवर बोट ठेवून म्हणाले, "हे काढा. आतल्या लोकांना सवय असते."

ही 'सवय' आपल्या ओळखीची आहे. गटारात उतरणाऱ्याला वासाची सवय असते, वीटभट्टीवरच्या बाईला उन्हाची. पिढ्यान्‌पिढ्या त्याच माणसांच्या वाट्याला तोच त्रास दिला, की त्याला सवय म्हणायचं. जात ही श्रमिकांची विभागणी आहे, हे बाबासाहेबांनी १९३६ साली मांडलं. आज एकाच छपराखाली, एका झुलत्या दरवाजाच्या दोन बाजूंना ती दिसते.

शरीर उष्णतेशी थोडं जुळवून घेतं, हे खरं. एक-दोन आठवड्यांत घाम लवकर येऊ लागतो. पण घाम सुकला तरच अंग गार होतं. वाफेनं कोंदलेल्या खोलीत तो सुकत नाही. तिथे सवय कामाला येत नाही.

आता हिशोब पाहा. १९ किलोचा एक सिलिंडर १० तासांत जळाला, तर सरासरी २४ किलोवॅट उष्णता निघते. १ टन एसी साधारण साडेतीन किलोवॅट उष्णता ओढतो. म्हणजे एका सिलिंडरला जवळपास ७ टन! म्हणून भिंतीवर दीड टनाचा एसी टांगून भटारखाना थंड होत नाही. तेलकट वाफेनं त्याची जाळी तुंबते आणि गार हवा एक्झॉस्ट बाहेर फेकतो. आधी उष्णता शेगडीवरच पकडावी लागते. त्यासाठी हूड शेगडीच्या कडेपुढे आलेलं हवं. बाहेर गेलेल्या हवेच्या जागी ताजी हवा हवी, आणि माणूस उभा राहतो तिथेच गार हवेचा झोत हवा. विदर्भाच्या कोरड्या उन्हाळ्यात ही हवा पाण्याच्या कूलरनंही गार होते. मुंबईच्या दमट हवेत एसीच लागतो.

मग कायदा काय करतो? १९४८च्या कारखाने कायद्याचं कलम १३ कामाच्या जागी खेळती हवा आणि सुसह्य तापमान मागत होतं. पण १९७६च्या दुरुस्तीनं हॉटेल, रेस्टॉरंट आणि खानावळ 'कारखाना' या व्याख्येतून वगळली. २०२०च्या संहितेतही ती व्याख्येबाहेरच आहेत. आस्थापना म्हणून हवा-तापमानाची जबाबदारी मालकावर येते, पण तीही मुख्यतः १० किंवा जास्त कामगार असतील तेव्हा. आईच्या हॉटेलात ७ जण होते.

मालकाला आणि कायद्याला दोष देऊन मी सुटत नाही. नोकरीतला माझा पहिला आराखडा मी कौतुकानं आईला दाखवला होता. तिनं बराच वेळ पाहिला आणि विचारलं, "यात भांडी कुठं घासायची रे?" मी बोट ठेवलं. "अन्‌ हवा?" तंदूरवर हूड होतं, आचाऱ्यापाशी झोत होता. मोरीपाशी, जिथे दिवसभर उकळतं पाणी ओततात, तिथे मी काहीच काढलं नव्हतं. तिच्याच पोरानं.

तेव्हापासून मोरीवरचा एक्झॉस्ट आणि हवेचा झोत मी मूळ खर्चातच धरतो. वेगळी ओळ दिसली की ती कापली जाते. त्या मालकाशी तीन बैठका झाल्या. त्यांनी डक्ट लहान करायला लावला, पण मोरीवरचा झोत राहिला.

तुमच्यापैकी कुणी आर्किटेक्ट असेल, कुणी वकील, कुणी कामगार खात्यात, कुणी हॉटेल मॅनेजमेंट शिकत असेल. आपल्या आयांच्या जागा नकाशावर कुठे असतात, ते आपल्याला ठाऊक आहे. पुढचा कागद समोर येईल तेव्हा मोरीपासून वाचायला सुरुवात करा. आणि 'सवय असते' असं कुणी म्हणालं, तर त्यांना मे महिन्यात दुपारी १ वाजता अर्धा तास आत उभं राहायला बोलवा.

जय भीम.