आजोबांच्या सायकलचं पायडल

दोस्तांनो, मागच्या खेपेला आपण चेन धुतली. आज पायडलाची पाळी.

जिन्याखाली किंवा गोठ्यात आजोबांची काळी, उंच सायकल उभी असेल, तर तिचं पायडल हातानं फिरवून बघा. खरखर लागलं किंवा पायडल डुगडुगलं, तर आतलं ग्रीस केव्हाच वाळलंय असं समजा. रबर झिजून गुळगुळीत झालं असेल, तर ते त्याहून वाईट! पावसात चप्पल सटकते, नडगी फुटते. उतारावर तर सरळ आडवेच. तेव्हा ‘चालतंय ना, चालू दे’ म्हणू नका.

या जुन्या पायडलांची गंमत म्हणजे ती उघडतात. बाहेरच्या टोकाला एक टोपी असते, तिच्या आत सगळा संसार. हल्लीची कितीतरी प्लॅस्टिकची पायडलं उघडतच नाहीत. बिघडली की फेकायची. आईबाबांनो, म्हणूनच जुनी जोडी भंगारात देण्याची घाई नको.

आता पायडल सोडवायचं. इथेच भलेभले फसतात. उजव्या पायडलाचे आटे नेहमीसारखे, पण डाव्याचे उलटे! जोर लावून भलतीकडे फिरवलंत तर आटे जातील आणि क्रँकच बदलावी लागेल. सोपी खूण सांगते : पाना वर उभा धरा आणि मागच्या चाकाकडे ओढा. दोन्ही बाजूंची पायडलं अशीच सुटतात. पुढच्या चाकाकडे ढकललं की आवळतात.

पण उलटे आटे कशाला? मुठीत पेन्सिल सैल धरा आणि तिचं वरचं टोक दुसऱ्या हातानं गोल गोल फिरवा. पेन्सिल मुठीत स्वतःभोवती उलट्या दिशेनं घोळते, दिसलं? पायाच्या दाबानं पायडलाचा आसही असाच घोळतो. डावीकडे साधे आटे असते, तर तो हळूहळू सुटत गेला असता. अमेरिकेतल्या डेटन गावी विमानाच्या आधी सायकली बनवणाऱ्या राइट बंधूंनीही आपल्या सायकलींना डावीकडे असेच उलटे आटे दिले होते.

पुढचं काम घरातल्या मोठ्या माणसाबरोबर, आणि जुन्या थाळीत करा. टोपी काढा, मग चेकनट, वॉशर, कोन. थांबा! छर्रे टपाटप पडतील. आतल्या बाजूचे किती, बाहेरच्या बाजूचे किती, ते मोजून लिहून ठेवा. सगळे भाग रॉकेल किंवा डिझेलनं धुवा. जवळपास चूल, काडेपेटी काही नको. आस काचेवर लोळवून पाहा. वाकडा असेल किंवा कोनावर खड्डे पडले असतील, तर तो भाग बदलायचा. छर्रे मात्र मी म्हणेन, सगळेच नवे घ्या. बहुतेक ठिकाणी ५/३२ इंचाचे, म्हणजे जवळजवळ ४ मिलिमीटरचे लागतात. तरी नमुना दुकानात घेऊन जा.

वाटीत भरपूर ग्रीस भरा, म्हणजे छर्रे त्यात चिकटून बसतात. आस घाला. कोन हातानं शेवटपर्यंत फिरवा, मग किंचित मागे घ्या, वॉशर ठेवून चेकनट आवळा. आवळताना कोनही थोडा फिरतो, म्हणून हे एका दमात जमत नाही. दोन-तीनदा करावं लागतं. पायडल अलगद फिरलं पाहिजे आणि डुगडुगताही कामा नये.

रबरं लांब सळ्यांवर नटांनी बसवलेली असतात. ती नवी आणून घाला. गंजलेली चकाकी अॅल्युमिनियमच्या कागदानं, थोडं पाणी लावून घासा. रंग फासू नका हं, तो पायाखाली आठ दिवसही टिकत नाही.

बसवताना आट्यांना ग्रीस लावा आणि पहिले चार-पाच फेरे हातानंच द्या. अडलं तर पान्याला हात लावू नका, बाजू चुकली नाही ना ते बघा. दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्यावर दोन्ही पायडलं पुन्हा एकदा आवळा.

पुढच्या अंकात, याच सायकलचे दांड्याचे ब्रेक!